परमुलखातला लौकिक

इग्बो घरी पाहुणा आला, की यजमान आधी कोला, म्हणजे कोलाच्या झाडाचं बी, पुढे करतो. नायजेरियाच्या आग्नेय भागातली ही रीत. लाकडी तबकात दोन-चार कोला, शेजारी तिखट दाणे किंवा शेंगदाण्याची झणझणीत चटणी. तबक लगेच पाहुण्याच्या तोंडाशी जात नाही. नात्याच्या आणि मानाच्या क्रमाने ते हातोहात फिरतं. ज्याने त्याने बघायचं, हात लावायचा, पुढे द्यायचं. फिरून ते यजमानाकडे परत आलं की बैठकीतला वडीलधारा माणूस कोला हातात घेऊन बोलू लागतो. देवाला, पूर्वजांना, जमिनीला उद्देशून त्याचं मागणं चालतं: आयुष्य दे, लेकरं दे, आलेल्याचं भलं कर. प्रत्येक मागण्याला बैठक एका सुरात 'इसे' म्हणते, म्हणजे 'तथास्तु'. मग कोला फोडतात. हे काम बहुधा धाकट्याचं. फुटल्यावर पाकळ्या मोजतात. चार निघाल्या तर उत्तम, कारण इग्बो आठवडा चार बाजारदिवसांचा. दोनच निघाल्या तर तो कोला या कामाला चालत नाही. तुकडा दाताखाली करकरतो, कडू-तुरट लागतो. चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात असा कोला फुटतो. उसनवारीचा विषय निघतो तो त्यानंतर.

नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या जयसिंगपूरच्या माणसाला यात अवघड वाटावं असं काय आहे? आल्यागेल्याला पान-सुपारी पुढे केल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, हे त्याच्या आजोबांच्या सोप्यावर ठरलेलंच होतं. उजव्या हाताने द्यावं-घ्यावं, हे त्याला घरातच शिकवलेलं असतं. घाना-नायजेरियातही डावा हात पुढे केला की समोरच्याचा चेहरा उतरतो. डाव्या हाताने पैसे देणं, बोट दाखवणं, एवढंच काय हात हलवून निरोप घेणंसुद्धा उर्मटपणाचं. घानात बैठकीत शिरलेला माणूस उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवत डावीकडे जातो. तिथल्या अकान लोकांच्या घरात आलेल्याला आधी पाणी देतात आणि पाणी पिऊन झाल्यावरच 'काय काम काढलंत?' असं रीतसर विचारतात. वयाने मोठ्या परक्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, 'आंटी' म्हणतात. जयसिंगपूरच्या शिरोळ तालुक्यात ती मावशी नाहीतर आक्का झाली असती. पहिल्या महिन्यात माणसाला वाटतं, की हे तर आपलंच गाव आहे.

मग कोलाचं तबक समोर येतं आणि वडीलधारा पूर्वजांची नावं घेऊ लागतो. इथे प्रश्न उभा राहतो. हा पाहुणचार आहे की पूजा? 'इसे' म्हणायचं की गप्प बसायचं?

हा प्रश्न जयसिंगपूरच्या माणसाला जास्त टोचण्याचं कारण आहे. शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेलं, आखीव आणि नंबरी गल्ल्यांचं हे गाव. भोवतालचा सगळा पट्टा दिगंबर जैन शेतकऱ्यांचा: नांदणीचा मठ, उदगावचं कुंजवन, पलीकडे कुंभोजचा बाहुबली डोंगर. इथल्या जैन घरात धर्म म्हणजे मंदिरात जाण्याइतकाच स्वयंपाकघरातला आणि घड्याळातला मामला असतो. पाणी गाळून प्यायचं. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही. मद्य, मांस आणि मध वर्ज्य. कडक पाळणाऱ्यांकडे कंदमुळंही वर्ज्य. श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, बारा व्रतांत दिग्व्रत नावाचं एक व्रतही आहे: अमुक दिशेला अमुक हद्दीपलीकडे जाणार नाही, असं स्वतःला घालून घेतलेलं बंधन. माणूस जितका दूर जाईल तितका त्याच्या हातून होणाऱ्या हिंसेचा आणि हव्यासाचा पसारा वाढतो, असा त्यामागचा विचार. जिथे प्रवासालाच व्रताची मोजपट्टी लावलेली आहे, तिथे अटलांटिकच्या काठावरचा रोजचा आचार हा निव्वळ 'ॲडजस्ट' करण्याचा विषय राहत नाही.

जैन आचार्यांनी या प्रश्नाचा विचार पूर्वीच केलेला आहे, आणि तो एकसुरी नाही. समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात 'लोकमूढता' हा दोष सांगितला. नदीत किंवा समुद्रात स्नान केलं की पुण्य लागतं, वाळूचे-दगडांचे ढीग रचले की पुण्य लागतं, असं लोक म्हणतात म्हणून आपणही करत सुटणं, ही ती मूढता. चार लोक करतात हे धर्माचं प्रमाण होऊ शकत नाही. उलट बाजूने सोमदेवसूरी येतात. राष्ट्रकूट कृष्ण तिसऱ्याच्या काळात, इ.स. ९५९ मध्ये त्यांनी 'यशस्तिलक' पुरं केलं. त्यांनी गृहस्थाच्या धर्माचे दोन भाग पाडले, लौकिक आणि पारलौकिक. पहिला लोकांच्या आधाराने चालतो, दुसरा आगमाच्या, म्हणजे शास्त्राच्या. आणि मग त्यांनी एक मोकळी वाट करून दिली: जिथे सम्यक्त्वाला, म्हणजे खऱ्या श्रद्धेला, बाध येत नाही आणि व्रताला डाग लागत नाही, तिथे जैनाने कुठलाही लौकिक विधी मानावा.

शिरोळ तालुका शतकानुशतकं या वाटेनेच चालत आला आहे. जैन शेतकरी बेंदराला बैल रंगवतो, मिरवतो. नागपंचमीला तो रान नांगरत नाही, खणत नाही. त्याची बायको त्या दिवशी काही चिरत-कापत नाही. हे आगमात नाही, पण आगमाच्या विरोधातही नाही. शेजाऱ्याबरोबर चालत आलेलं आहे. तिथून गेलेल्या माणसाला घानातल्या असांते शेतकऱ्याने सांगितलं, की गुरुवारी आम्ही शेताला कुदळ लावत नाही, तो भूमातेचा, असासे याचा दिवस, तर त्याला ते पटायला वेळ लागणार नाही. फांते लोकांत हाच मान शुक्रवारला. किनाऱ्यावरचे गा आणि फांते कोळी मंगळवारी समुद्रात होड्या घालत नाहीत. ज्याच्या घरात मुक्या जिवाला आणि मातीला विसाव्याचा दिवस ठरलेला आहे, त्याला परक्याचा विसाव्याचा दिवस मोडावासा वाटत नाही.

पण सगळंच इतकं गोड नसतं. घानातल्या अक्रा शहरात होमोवो या सणाआधी गा परंपरेप्रमाणे महिनाभर ढोल आणि मोठा आवाज बंद असतो. बी पेरलेलं असतं, त्याला शांतता हवी, देवांना शांतता हवी, अशी श्रद्धा. ज्या चर्चांची उपासनाच ढोल-गिटार आणि लाऊडस्पीकरवर चालते, त्यांनी विचारलं, की तुमच्या देवासाठी आम्ही आमच्या देवासमोर गप्प का बसावं? १९९० च्या दशकाच्या अखेरीस यावरून चर्चांवर हल्ले झाले, मारामाऱ्या झाल्या. बंदी पाळणं म्हणजे परक्या देवाला मानणं, असं एका बाजूचं म्हणणं; दुसरी बाजू म्हणाली, ही आमची भूमी, तिचा रिवाज पाळणं म्हणजे फक्त शेजारधर्म. एकच शांतता एकाला उपासना वाटते, दुसऱ्याला सौजन्य, तिसऱ्याला धर्मद्रोह. अक्रात भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला त्या महिन्यात गणपतीची आरती टाळ-झांजांशिवाय म्हणायची वेळ आली, तर ते काय पाळत असतं?

सोमदेवांची कसोटी इथे अपुरी पडायला लागते. ती फक्त पाळणाऱ्याकडे बघते. माझं सम्यक्त्व शाबूत आहे का, माझं व्रत शाबूत आहे का, एवढंच विचारते. समोरच्याच्या दृष्टीने त्या कृतीचा अर्थ काय, हे ती विचारत नाही. इग्बो वृद्ध कोला हातात धरून मनापासून प्रार्थना करतो आणि पाहुणा मनात म्हणतो, माझ्यासाठी ही सुपारीच. पाहुण्याच्या व्रताला धक्का लागला नाही हे खरं. पण दोघे एकाच तबकातून दोन वेगळ्या गोष्टी खात आहेत आणि त्यातल्या एकालाच ते माहीत आहे. अशा ठिकाणी 'मी फक्त रीत पाळली' हे उत्तर स्वतःपुरतं पुरेसं असलं, तरी समोरच्याशी प्रामाणिक आहे असं म्हणता येत नाही.

हाच पेच महाराष्ट्राने आपल्या अंगणात अनुभवलेला आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि इतर मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायलं, कुणी नुसता कप हातात घेतला, कुणी तोही घेतला नाही. गोपाळराव जोश्यांनी नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. त्या संध्याकाळी टेबलावर ठेवलेल्या चहात पाहुण्यांना नकोसं वाटेल असं काही नव्हतं. वाद होता तो घेण्याच्या अर्थाचा. यजमानाला तो पाहुणचार वाटला, पुण्यातल्या सनातन्यांना धर्मांतराची पहिली पायरी. कप हातात घेऊन न पिणाऱ्यांनी मधली वाट काढली होती. ती भित्री होती की शहाणी, यावर पुढे बरीच शाई खर्ची पडली.

त्याआधी वीस वर्षं कोल्हापूरच्या गादीवरच्या तरुण छत्रपतींवर याहून कठीण प्रसंग आला होता. राजाराम महाराज इंग्लंड पाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस. दहन हा प्रकार त्या शहराला ठाऊक नव्हता. बरोबरच्या मंडळींना नद्यांचा संगम हवा होता. घरी असते तर नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा होताच. फ्लॉरेन्सकरांनी आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर चितेला परवानगी दिली. आज त्या जागी महाराजांचा पुतळा आणि छत्री आहे, आणि जवळच्या पुलालाही 'भारतीयाचा पूल' असंच नाव पडलं आहे. त्या वेळी परका आचार पाहुण्याने शिकला नाही, यजमान शहराने शिकला. शिकण्याची जबाबदारी नेहमी नव्याने आलेल्याचीच असते, असं कुठे आहे?

पश्चिम आफ्रिकेत तर यजमान हा धडा शंभराहून जास्त वर्षं गिरवत आहेत. जयसिंगपूरचा माणूस ज्या कोड्यात पडतो ते कोडं त्याने तिकडे नेलेलं नाही. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्या इग्बो, योरुबा, अकान घरांत ते आधीपासून रोज सुटतं किंवा अडतं. नायजेरियातला योरुबा मुलगा वडीलधाऱ्यांसमोर जमिनीवर पालथा होऊन नमस्कार करतो, मुलगी गुडघे टेकते. आपल्याकडच्या साष्टांगाशी याचं इतकं साम्य, की कोल्हापूरच्या सुनेला ते बघून हसू यावं. पण तिथले काही मुसलमान म्हणतात, सजदा अल्लाशिवाय कुणाला नाही. ते वाकतात, जमिनीला टेकत नाहीत. कोलाची प्रार्थना कितीतरी घरांत आता येशूच्या नावाने होते. घानात सरकारी समारंभात पूर्वजांना मद्याचं अर्घ्य द्यावं की नाही, यावर ख्रिस्ती मंडळींनी अनेकदा आक्षेप घेतला आहे. कुठे अर्घ्याबरोबर ख्रिस्ती आणि मुस्लिम प्रार्थनाही होते, कुठे मद्याऐवजी पाणी ओततात.

कोलाच्या प्रार्थनेतली एक जुनी इग्बो म्हण या बाबतीत फार बोलकी आहे. घारही बसो, गरुडही बसो, असं तिचं मागणं. सत्याला अनेक बाजू असतात या जैनांच्या अनेकांतवादावर वाढलेल्या कानाला हे ओळखीचं वाटावं. पण म्हण तिथे थांबत नाही. जो दुसऱ्याला बसू देणार नाही त्याचा पंख मोडो, असा तिचा शेवट आहे. इथे अहिंसाव्रती श्रावकाची जीभ अडखळणार. आणि गंमत अशी, की ती खुद्द काही इग्बोंचीही अडखळते. अलीकडे काही जण शेवट बदलतात: बसू न देणाऱ्याने निदान दुसऱ्याला कुठे बसायचं ते दाखवावं. म्हणजे तबकावरची प्रार्थनाही दगडात कोरलेली नाही. 'इसे' कुठे म्हणायचं आणि कुठे नाही, हे ती बैठकसुद्धा ठरवत आली आहे.

या वाटाघाटीत पाहुण्याला सुटकेच्या वाटाही मिळतात. कोला तिथल्या तिथे खाल्लाच पाहिजे असं नाही. घरी न्यावा, घरी पोचल्यावर तो कुठून आला ते सांगेल, असं इग्बो लोकच म्हणतात. खिशात ठेवलेला कोला नाकारलेला ठरत नाही.

व्रताची खरी परीक्षा प्रार्थनेपेक्षा ताटात होते. तिथे वाटाघाटीला जागा कमी. जगातल्या यामपैकी सुमारे दोन तृतीयांश एकट्या नायजेरियात पिकतो. याम, कसावा, अळकुडी: तिकडचं रोजचं अन्नच जमिनीखालचं. फुफू, गारी, कुटलेला याम, सगळं कंदाचं. नव्या यामचा सण तर इग्बो गावाचा वर्षातला मोठा सोहळा. त्या दिवशी वाढलेला याम नाकारणं म्हणजे दिवाळीला फराळाचं ताट परत करणं. शिवाय 'मांस नाही' असं सांगून भागत नाही. घानातल्या शितो या काळ्या चटणीत सुकी मासळी आणि सुकट असते. नायजेरियातल्या पालेभाजीच्या रश्शात सुकटीची पूड पडते, ती चवीपुरती, म्हणून रांधणारीच्या लेखी ती मासळी नव्हेच. शहाणा श्रावक चवळीची उसळ, तळलेली केळी, भात, मक्याची केंकी असं शोधत राहतो, आणि उसळ कशाच्या रश्शात शिजली हे विचारायला शिकतो. यजमानीण रागावत नाही. कुळानुसार, देवतेनुसार अमुक पदार्थ वर्ज्य असणं पश्चिम आफ्रिकेत घरोघरी माहीत आहे. 'आमच्या कुळाला चालत नाही' हे कारण 'मी शाकाहारी आहे' यापेक्षा तिकडे लवकर समजतं.

सूर्यास्ताचं मात्र वेगळं. जयसिंगपुरात हिवाळ्यात सहाच्या सुमाराला आणि जून-जुलैत सात वाजून गेल्यावर दिवस मावळतो. विषुववृत्ताजवळच्या अक्रात तो वर्षभर पावणेसहा ते सव्वासहाच्या आसपासच मावळतो. ऋतू बदलला तरी अर्ध्या तासापलीकडे सवलत मिळत नाही. कचेरी सुटते पाचला, रस्ते तुंबलेले, आणि शेजारी जेवायला बोलावतात ते रात्री आठला. इथे आपण जेवून आलो आहोत असं सांगून नुसतं ताटाशी बसणं, गप्पा मारणं, उजव्या हाताने पाण्याचा पेला घेणं आणि तोही न पिता ठेवणं, एवढंच हाती राहतं. पंचहौदातल्या त्या कपाची ही दूरची भावकी.

मग परदेशात जाऊन माणूस आपला धर्म जपतो तो कशाच्या जोरावर? निव्वळ रीतींच्या जोरावर म्हणावं, तर कुंभोजलाच १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट आडवी येते. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना ते १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. तिथे मोडला गेला तो घरचा लौकिक, आणि तो मोडणाऱ्याला धर्म आपल्या बाजूचा वाटत होता. सोमदेवांची कसोटी तेव्हा घरच्या रीतीलाच लावायची वेळ आली होती. परक्या मुलखात गेलेल्या माणसाला ही सवय लागली, तर तो कोलाच्या तबकाकडे जितक्या चिकित्सेने बघतो तितक्याच चिकित्सेने गावाकडच्या पंगतीकडे आणि तिथे कुणाला कुठे बसवतात याकडे बघू लागतो. गावाकडच्यांना ते फारसं आवडत नाही.

पुढची पिढी आली की प्रश्न पुन्हा पाळण्यापाशी येतो. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं. योरुबांत आठव्या दिवशी नाव ठेवतात. वडीलधारी माणसं बाळाच्या ओठाला एकेक चव लावतात आणि त्या चवीचा आशीर्वाद देतात. मीठ, पाणी, पामतेल, कोला, आणि आयुष्य गोड व्हावं म्हणून मध. नायजेरियात लागोसमधल्या जैन कुटुंबाच्या शेजारणीने हौसेने तबक सजवून आणलं, तर मधाच्या वाटीपाशी घर थबकणार, कारण मध तीन वर्ज्यांपैकी एक. पाहुणीला दुखवायचं नाही, आणि बाळाच्या पहिल्याच चवीला व्रत मोडायचं नाही. पण योरुबा तबकात गोडीसाठी मधाच्या जोडीला उसाचं कांडंही असतं. जिथे उसाच्या दरासाठी दरवर्षी ऊस परिषद भरते, त्या जयसिंगपूरच्या आजीला व्हिडिओ कॉलवर याचा खुलासा करावा लागणार नाही. शेजारणीला मात्र मधाची वाटी का बाजूला ठेवली ते सांगावं लागेल, आणि ते कसं सांगायचं हे त्या घरातल्या सुनेला त्या दुपारपर्यंत ठरवायचं आहे.